मृत्युपत्र नोंदणीकृत आहे, नॉमिनीही नेमलेले आहेत. तरीही प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावरची न्यायालयाची मोहोर, घ्यावे का?

अबोली_७

नमस्कार. माझ्या वडिलांचे काही महिन्यांपूर्वी निधन झाले. मागे आई, आम्ही तीन भावंडे आणि वडिलांची आई, म्हणजे माझी आजी, असे कुटुंब आहे. थोरला भाऊ परदेशी असतो, मी मधली आणि धाकटा भाऊ इथेच व्यवसाय करतो.

वडिलांनी २०१४ साली मृत्युपत्र करून ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवले होते. त्यात लिहिले आहे की मुंबईतील फ्लॅटमध्ये आईने हयातभर राहावे, पण तो विकू वा गहाण टाकू नये, आणि तिच्या पश्चात तो थोरल्या भावाला व मला समान मिळावा. धाकट्याला व्यवसायासाठी आधीच रक्कम दिल्यामुळे फ्लॅटमध्ये त्याचा हिस्सा ठेवलेला नाही, असा स्पष्ट उल्लेख आहे. बँकेतील ठेवी मात्र तिघांनी सारख्या वाटून घ्यायच्या आहेत. व्यवस्थापक, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारे, म्हणून माझ्या मामांचे नाव आहे. त्यांना या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. मृत्युपत्रावर सही करणाऱ्या दोन साक्षीदारांपैकी एक आता हयात नाहीत, दुसरे शेजारचे वयोवृद्ध गृहस्थ आहेत.

अडचण अशी की मुदत ठेवींवर नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचे नाव आहे आणि त्या आपल्याच आहेत असे त्याला वाटते. फ्लॅटच्या सोसायटीत आई नॉमिनी आहे. बचत खात्यावर नॉमिनी नाही, तिथे बँकेने "प्रोबेट आणा" असे तोंडी सांगितले. एक ओळखीचे म्हणतात, मृत्युपत्र नोंदणीकृत असल्यावर प्रोबेट कशाला. दुसरे म्हणतात, मुंबईत मिळकत असली की प्रोबेटवाचून पान हलत नाही. यातले खरे काय, आणि सुरुवात कोठून करावी?

जुने_लेजर

आपल्या वडिलांना विनम्र आदरांजली. मी बँकेतून निवृत्त झालो असल्यामुळे बँकेपुरतेच लिहितो. बाकीचे जाणकार सांगतीलच.

नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, पैशांचा मालक नव्हे. हे माझे मत नाही. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली सरबती देवी प्रकरणात आणि बँक ठेवींच्या बाबतीत २०१० साली रामचंदर तलवार प्रकरणात हेच सांगितले आहे. कंपन्यांच्या शेअर्सबद्दल बराच काळ संदिग्धता होती, तीही शक्ती येझदानी प्रकरणाच्या डिसेंबर २०२३ मधील निकालाने संपली. विम्याला तेवढा अपवाद आहे: २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुले यांना नॉमिनी केले असेल, तर त्यांचा त्या रकमेवर हितसंबंध धरला जातो. आपल्या प्रश्नात विमा नाही, तेव्हा तो विषय बाजूला ठेवू.

बँक मुदत ठेवीची रक्कम आपल्या धाकट्या बंधूंच्या हाती देईल आणि त्यात बँकेचे काहीही चुकणार नाही. कायद्याने बँकेची सुटका तेवढ्यावर होते. मात्र ते पैसे बंधूंकडे इतरांच्या वतीने राहतात आणि मृत्युपत्राप्रमाणे वाटून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते. काउंटरवर बसून मी हा गैरसमज इतक्या घरांत पाहिला आहे, की खाते उघडण्याच्या अर्जावरच नॉमिनीचा अर्थ ठळक अक्षरांत छापावा असे मला नेहमी वाटत आले. त्यांना हे सांगताना आवाज चढवू नका. बहुतेक वेळा मनात लबाडी नसते, समजूतच तशी झालेली असते.

बचत खात्याविषयी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये मृत खातेदारांच्या दाव्यांसाठी नवे निर्देश काढले. नॉमिनी नाही, मृत्युपत्र नाही आणि वारसांत वाद नाही, अशा खात्यांवरील १५ लाखांपर्यंतची रक्कम, सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंतची, सोप्या पद्धतीने द्यायची आहे. कागदपत्रे पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा आहे. आपल्याकडे मृत्युपत्र असल्याने शाखा अधिकारी जास्त सावध राहणार, हे समजून घ्या. तरीही तोंडी उत्तरावर परत येऊ नका. अर्ज लेखी द्या, त्याची पोच घ्या आणि कोणता कागद कोणत्या नियमाने हवा आहे, हे लेखी मागा. "प्रोबेट आणा" हे वाक्य पुष्कळदा फाइल टेबलावरून हलवण्याची सोय म्हणून उच्चारले जाते.

आणखी एक. वडिलांच्या एटीएम कार्डावरून कोणी पैसे काढत असेल, तर ते आजच थांबवा. घरखर्चासाठी काढले असले तरी पुढे हिशेब मागताना तीच ओळ बोट ठेवून दाखवली जाते. मृत्यूनंतर निवृत्तिवेतन जमा झाले असेल, तर ती रक्कम वेगळी राहू द्या. ती परत करावी लागते.

दिवाणी_दालन

मी दिवाणी बाजूला वकिली करतो. आपली कागदपत्रे पाहिलेली नाहीत, म्हणून हा सल्ला सर्वसाधारण समजावा.

आपल्या दोन्ही ओळखीच्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २१३ नुसार मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांच्याशी निगडित ठरावीक क्षेत्रांत हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी व्यक्तींच्या मृत्युपत्रावर आधारलेला हक्क न्यायालयात मांडण्यासाठी प्रोबेट आवश्यक होते. मृत्युपत्र दुसरीकडे केलेले असले, तरी मिळकत मुंबईत असल्यास हीच अट लागे. त्याच राज्यातल्या दुसऱ्या शहरातील घराला ती लागत नसे, हा भेद इंग्रजी अमदानीतला उरलेला अवशेष होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने हे कलम वगळले. त्यामुळे सक्ती गेली आहे. कार्यालयांतील जुन्या छापील याद्यांमधून ती जायला मात्र वेळ लागेल.

सक्ती गेली म्हणजे प्रोबेटची उपयुक्तता गेली, असे मात्र नाही. नोंदणी आणि प्रोबेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणीमुळे दस्त अमुक दिवशी, अमुक व्यक्तीने कार्यालयात येऊन सादर केला एवढे दिसते. मृत्युपत्र नोंदवणे कायद्याने बंधनकारकही नाही. ते मृत्युपत्र मोकळ्या मनाने व शुद्धीत केले, कलम ६३ प्रमाणे दोन साक्षीदारांनी साक्षांकित केले आणि तेच शेवटचे आहे, यावर न्यायालयाची मोहोर प्रोबेटने उमटते. ती मोहोर सर्वांवर बंधनकारक असते. फ्लॅट वडिलांच्या मालकीचा होता की नव्हता, हे मात्र प्रोबेट न्यायालय ठरवत नाही.

आपल्या बाबतीत मी प्रोबेट घ्यावे असे म्हणेन, आणि त्याचे कारण मुंबई नसून मृत्युपत्रातील मजकूर आहे. त्यात एका मुलाला फ्लॅटमधून वगळले आहे. आज ते गप्प असतील. आईंच्या पश्चात, फ्लॅटची किंमत वाढलेली असताना आणि हयात साक्षीदारही राहिलेले नसताना, ते गप्प राहतील याची हमी कोणी देऊ शकत नाही. मृत्युपत्र सिद्ध करायला साक्षांकन करणाऱ्यांपैकी हयात असलेल्या किमान एका साक्षीदाराची साक्ष लागते. दोघेही गेले, तर हस्ताक्षर व सही ओळखणाऱ्यांवर भिस्त ठेवावी लागते, आणि ते काम किचकट आहे. म्हणून शेजारच्या त्या गृहस्थांकडून, त्यांची तब्येत सांभाळून, शपथपत्र करून घ्या. वडिलांनी त्यांच्यासमोर सही केली, दुसऱ्या साक्षीदारांनी कोठे बसून सही केली, मजकूर कोणी वाचून दाखवला, असे जे त्यांना आठवते ते त्यांच्याच शब्दांत येऊ द्या. या घडीला आपल्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा पुरावा तेच आहेत. बाकीचे कागद महिनाभराने काढले तरी चालतील.

मामांविषयी. प्रोबेट फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकालाच मिळते. त्यांची इच्छा नसेल, तर त्यांनी तसे लेखी कळवून बाजूला व्हावे आणि लाभार्थींपैकी कोणी मृत्युपत्र जोडून प्रशासनपत्रासाठी, म्हणजे लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशनसाठी, अर्ज करावा; परिणाम जवळपास तोच होतो. मात्र त्यांनी हा निर्णय आधी घ्यावा. थोडे पैसे उचलले, एखादे देणे भागवले आणि मग अंग काढून घेतले, असे चालत नाही. जो कोणी हे काम स्वीकारेल, त्याला अधिकार मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एक वर्षात जमाखर्चाचा हिशेब न्यायालयात द्यावा लागतो, हेही त्यांना आधीच सांगा.

वाद नसेल तर प्रक्रिया फार भीतिदायक नाही. अर्ज, मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, मालमत्तेची मूल्यांसह यादी, साक्षीदाराचे शपथपत्र. मग वारसांना नोटिसा आणि जाहीर सूचना. इतर वारसांची संमतीपत्रे जोडली, तर काम पुष्कळ हलके होते. कोणी कॅव्हेट दाखल करून हरकत घेतली, तर मात्र त्याच अर्जाचे दाव्यात रूपांतर होते आणि मग काळाचे गणित कोणी सांगू नये.

आडवाटेचा_प्रवासी

वकीलसाहेबांचा मुद्दा मान्य करूनही थोडे वेगळे मत मांडतो. आमच्या घरी सासऱ्यांच्या पश्चात सर्वांची संमती असूनही प्रोबेटचा अर्ज केला. न्यायालयीन शुल्क मालमत्तेच्या मूल्यावर भरावे लागले आणि तोवर एकाही कागदावर नाव चढले नाही. जिथे भावंडे एकत्र बसून बोलू शकतात, तिथे आधी कौटुंबिक समझोता करून पाहावा. धाकट्या बंधूंनी ठेवी तिघांत वाटण्याचे आणि फ्लॅटवर हक्क नसल्याचे लेखी मान्य केले, तर न्यायालयात जाण्याची निकड राहते का? वगळलेल्या मुलाला नोटीस पाठवणे म्हणजे बंद दार ठोठावून त्याला हरकतीचे निमंत्रण देणे, असेही होऊ शकते.

दिवाणी_दालन

हरकत यायची असेल तर ती साक्षीदार हयात असताना यावी, असे माझे म्हणणे आहे. निमंत्रण दिले नाही म्हणून हक्काची कल्पना मनातून जात नाही.

समझोता अवश्य करावा; तो प्रोबेटला पर्याय म्हणूनही चालू शकतो. फक्त त्याचा कागद कसा लिहिला जातो, याकडे लक्ष हवे. आधी तोंडी ठरलेल्या गोष्टींची केवळ आठवण म्हणून टिपण केले, तर त्याची नोंदणी लागत नाही. त्या कागदानेच स्थावर मिळकतीतले हक्क निर्माण होत किंवा संपत असतील, तर नोंदणी आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या काले प्रकरणात हा फरक मांडला आहे. घरोघरी शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर "मी माझा हक्क सोडत आहे" असे लिहून, नोटरी करून, कपाटात ठेवलेले कागद मी पाहतो. स्थावर मिळकतीतील हक्कसोडपत्र नोंदणीशिवाय टिकत नाही.

फ्लॅटबाबत एक बारीक गोष्ट राहिली. आईंना मृत्युपत्राने मर्यादित हक्क दिला आहे: राहायचे, पण विकायचे नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १४(२) प्रमाणे असा मर्यादित हक्क मर्यादितच राहतो. परंतु तो हक्क पत्नीच्या पोटगीच्या आधीपासूनच्या अधिकारापोटी दिला असेल, तर कलम १४(१) लागून ती पूर्ण मालक होते, असे १९७७ च्या तुलसम्मा प्रकरणात ठरले, आणि तेव्हापासून या दोन पोटकलमांमधली ओढाताण न्यायालयांत सुरूच आहे. म्हणून सोसायटीत आईंचे नाव लावताना मृत्युपत्राची प्रत अर्जासोबत द्या आणि अर्जातही त्याचा उल्लेख करा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातील कलम १५४ब-१३ प्रमाणे सोसायटी मृत्युपत्राच्या किंवा वारस प्रमाणपत्राच्या आधारे हस्तांतर करू शकते. केवळ नॉमिनी म्हणून येणारी व्यक्ती वारसांची नावे दाखल होईपर्यंत तात्पुरती सभासद असते. सोसायटीच्या भागपत्रावर नाव आले म्हणजे मालकी आली, असे आईंनी किंवा आपण कोणीही धरून चालू नये. आईंनी स्वतः मात्र कोणत्याही कोऱ्या अर्जावर सही करू नये, मग तो सोसायटीच्या सचिवांनी कितीही घाईने पुढे केलेला असो.

अबोली_७

सर्वांचे मनापासून आभार. धाकट्या भावाशी बोलणे झाले. ठेवींबद्दल त्याची समजूत पटली आहे, फ्लॅटबद्दल तो अजून काही बोललेला नाही. मामा लेखी माघार घ्यायला तयार आहेत. आता दोन शंका उरल्या. वडिलांच्या नावे काकांसोबत सामाईक शेतजमीन आहे, तिचा मृत्युपत्रात उल्लेखच नाही. आजोबांनी ती स्वतः विकत घेतली होती आणि त्यांच्यानंतर सातबाऱ्यावर दोन्ही मुलांची नावे लागली. तिचे काय करावे? आणि वडिलांच्या नावे एक वैयक्तिक कर्ज निघाले आहे. वसुलीवाले थोरल्या भावाला परदेशात फोन करून "तुम्ही मुलगे आहात, भरावेच लागेल" असे सांगत आहेत.

बांधावरून

जमिनीपुरते मी लिहितो, कारण महसूल कार्यालयात माझे जाणे-येणे असते.

मृत्युपत्रात न आलेली मिळकत वारसाहक्काने जाते. वडिलांच्या हिश्श्याला पहिल्या वर्गाचे वारस कोण, तर विधवा पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई. म्हणजे आपल्या आजीही वारस आहेत आणि त्यांचा हिस्सा आपल्याइतकाच आहे. वडिलांच्या हिश्श्याचे पाच समान भाग होतील. वारस नोंदीच्या अर्जात आजीचे नाव गाळण्याची चूक सर्रास होते, कधी नकळत, कधी "म्हातारीला कशाला" म्हणून मुद्दाम. पुढे आजींच्या पश्चात त्यांचा भाग त्यांच्या सगळ्या वारसांकडे, म्हणजे काका आणि आत्या असतील तर त्यांच्याकडेही जातो, आणि तेव्हा जुना फेरफार उकरून काढला जातो.

आता आपल्याच मजकुरातली एक गोष्ट तपासा. आजोबांनी स्वतः घेतलेली जमीन आणि त्यांच्यानंतर फक्त दोन मुलांची नावे? आजोबा १९५६ नंतर मृत्युपत्र न करता वारले असतील, तर आजी आणि आत्या तेव्हाच वारस होत्या. आजोबांच्या वेळचा फेरफार काढून पाहा. त्यात "हक्क सोडला" असा शेरा असेल, तर तो कोणत्या दस्ताच्या आधारे आहे, तेही बघा. तसा नोंदणीकृत दस्त नसेल, तर पाच भागांचे गणितही बदलते, कारण वडिलांचा मूळ हिस्साच निम्म्याहून कमी भरेल.

वारस नोंदीचा अर्ज गावच्या तलाठी कार्यालयात किंवा ऑनलाइन करता येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची माहिती तीन महिन्यांत द्यायची असते. उशीर झाला असला तरी नोंद होते, तेव्हा थांबू नका. फेरफार हा मालकीचा पुरावा नव्हे, तो मुख्यतः महसुलासाठी असतो, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. पण नोंद नसेल तर पीक विमा, नुकसानभरपाई, भूसंपादनाची नोटीस यांपैकी काहीच आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

जुने_लेजर

कर्जाबद्दल. वारसांची जबाबदारी मयताकडून मिळालेल्या मालमत्तेपुरती असते. थोरल्या बंधूंना स्वतःच्या पगारातून ते कर्ज फेडण्याचे बंधन नाही, जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केली नसेल तर. पण दुसरी बाजूही लक्षात घ्या: वाटणीच्या आधी देणी भागवायची असतात. अंत्यविधीचा खर्च, मग कारभाराचा व न्यायालयाचा खर्च, मग कर्जे, आणि उरेल ते लाभार्थींना, असा साधारण क्रम आहे. ठेवी तिघांत वाटून मोकळे झालात आणि मागाहून बँक उभी राहिली, तर प्रत्येकाला आपापल्या वाट्यातून परत द्यावे लागेल. म्हणून बँकेला मृत्यूची लेखी सूचना द्या, थकबाकीचा उतारा मागा आणि त्या कर्जाला विमा जोडलेला होता का, हे आवर्जून विचारा. वैयक्तिक कर्जासोबत असा विमा दिलेला असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. फोनवरच्या माणसाला काहीही कबूल करू नये.

आयकराचे विसरू नका. मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचे विवरणपत्र कायदेशीर प्रतिनिधीने आयकर पोर्टलवर नोंदणी करून भरायचे असते. त्यानंतरचे ठेवींवरील व्याज वडिलांच्या नव्हे, मिळवणाऱ्याच्या उत्पन्नात धरले जाते. वारसा मिळाला म्हणून वेगळा कर नाही, तो १९८५ सालीच रद्द झाला.

दिवाणी_दालन

शेवटची एक सूचना थोरल्या बंधूंसाठी. संमतीपत्र किंवा मुखत्यारपत्र त्यांनी तिकडच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवावे, किंवा तिथल्या नोटरीकडून करून त्यावर अपॉस्टिल, म्हणजे दस्त दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून दिले जाणारे सरकारी प्रमाणन, घ्यावे, आणि मुखत्यारपत्र इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे. मजकूर मोघम नको. कोणती मिळकत, कोणता अर्ज आणि कोणते अधिकार, हे नेमके लिहिलेले असावे. "सर्व व्यवहार करण्याचे अधिकार" असे मुखत्यारपत्र या कामासाठी कोणी मागत असेल, तर देऊ नये.

आजीच्या हिश्श्याबाबत घरात हक्कसोडपत्राचा विषय निघेल, असे गृहीत धरतो. तो काढायचाच असेल, तर त्यांना स्वतंत्रपणे, आपल्यापैकी कोणी खोलीत नसताना, वेगळ्या वकिलाने समजावून सांगावे. प्रशासनपत्राच्या अर्जाची मालमत्ता यादी करताना शेतजमीन त्यात घालू नका. ती मृत्युपत्राच्या बाहेरची आहे, आणि तिचा रस्ता वारस नोंदीवरूनच जातो.